लंडनमधलं घर भारतात बसून बुक करताय? आमचे १३,६६० पौंड गेले, आधी हे वाचा

लंडनच्या हॅरो भागातला दोन बेडरूमचा फ्लॅट, तळमजला, मागे छोटं अंगण, भाडं महिना १,८५० पौंड. या फ्लॅटसाठी आम्ही गेल्या वर्षी भारतातून १३,६६० पौंड पाठवले. होल्डिंग डिपॉझिट (घर आपल्यासाठी राखून ठेवायचे पैसे) ४२६, सिक्युरिटी डिपॉझिट २,१३४ आणि सहा महिन्यांचं आगाऊ भाडं ११,१००. बँकेने लावलेल्या दराने हे १५,९८,२२० रुपये होतात. त्यातले सहा लाख सासऱ्यांनी साताऱ्याच्या पतसंस्थेतली ठेव मोडून दिले होते. त्या पत्त्यावर दुसरंच कुटुंब राहतं आणि त्यांच्या घराला अंगण नाही.

असे प्रकार कसे होतात हे मला माहीत नव्हतं असं समजू नका. मालक परदेशात आहे, किल्ली कुरिअरने येईल, पैसे आजच टाका, नाहीतर फ्लॅट गेला, हे सगळं मी वाचलेलं होतं. यातलं काहीही आमच्या बाबतीत झालं नाही. घाई कोणी केली नाही, भाडं संशय यावा इतकं स्वस्त नव्हतं, एजन्सीच्या नावाने शोधलं तर खरी एजन्सी सापडत होती. खऱ्या एजन्सीची हुबेहूब वेबसाइट बनवून ईमेलच्या पत्त्यात एकच अक्षर जास्त घातलेलं होतं, हे नंतर कळलं. एजन्सीचा फोन नंबर तिच्या ईमेलमधून घेऊ नका, स्वतः शोधून काढा आणि त्या नंबरवर फोन करून हा फ्लॅट खरंच तुमच्याकडे आहे का ते विचारा.

आता घाई आम्हाला का होती ते सांगते, कारण ‘घर न बघता पैसे कसे पाठवलेत?’ हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की आता उत्तर द्यायचीही चीड येते. नवऱ्याचं ऑफिस लंडनच्या मूरगेट भागात, त्यामुळे हॅरोवरून तिथे थेट जाणाऱ्या मेट्रोपोलिटन लाइन या मेट्रोवरचं घर हवं होतं. लंडनबाहेरच्या स्लाउमध्ये ओळखीची मराठी घरं होती, पण ते आम्हाला लांब वाटलं. मोठी मुलगी सहा वर्षांची, धाकटा तीनचा. तिकडच्या सरकारी शाळांत लहान वर्गात एका शिक्षकामागे ३० पेक्षा जास्त मुलं घ्यायची नाहीत असा कायदा आहे. वर्ग भरला की प्रतीक्षायादी, आणि बहुतेक शाळांत त्या यादीतला नंबर घर शाळेपासून किती लांब आहे यावर ठरतो. पत्त्याचा पुरावा नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. सप्टेंबरात शाळा सुरू होणार, ऑगस्टमध्ये आम्ही पोचणार. हॉटेलात उतरून, दोन मुलांना घेऊन, घरं बघत फिरायचं आणि तोवर मुलीने घरी बसायचं? आईबाप म्हणून आम्ही पत्ता आधी पक्का करायला बघितला. ज्यांना हा मूर्खपणा वाटतो त्यांनी एकदा पोरं घेऊन देश बदलून बघावा.

आणि ही माणसं नेमकी तिथेच बसलेली असतात. तिकडे जाणाऱ्या मराठी लोकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मी शाळेबद्दल विचारलं होतं, घराबद्दल नाही. एका बाईने खासगीत मेसेज केला. अस्सल कोल्हापुरी बोलणं, मला पहिल्या दिवसापासून ‘वहिनी’. तिचीही मुलगी त्याच शाळेत आहे म्हणाली, शाळेचा गणवेश कुठून घ्यायचा, डब्यात शेंगदाणे का चालत नाहीत, धाकट्याला नर्सरीत आठवड्याला १५ तास फुकट मिळतील पण आपल्या व्हिसावर ३० तास मिळत नाहीत, हे सगळं सांगितलं. सगळं खरं होतं. खरी माहिती देऊन तिने विश्वास मिळवला आणि मग म्हणाली, ‘वहिनी, माझ्या ओळखीचा एजंट आहे, शाळेपासून चालत सात मिनिटांवर फ्लॅट रिकामा होतोय.’ आपल्या भाषेत, आपल्या मुलांचं नाव घेऊन कोणी गोड बोलायला लागलं आणि बोलणं घरावर आलं की तिथेच थांबा. ओळखीतून आलेल्या घराची जास्त तपासणी करा, कमी नाही.

मी कायदाही वाचला होता. इंग्लंडमध्ये २०१९ च्या टेनंट फीज ॲक्टप्रमाणे होल्डिंग डिपॉझिट एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि सिक्युरिटी डिपॉझिट, वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर, पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नाही. १,८५० ने हिशेब करून बघा: आठवड्याचे ४२६, पाच आठवड्यांचे २,१३४. बरोबर तेवढेच मागितले. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसले आणि आकडे जुळले म्हणून निर्धास्त झाले. त्यांनी कायद्याला धरून लुटलं. सहा महिन्यांचं आगाऊ भाडं मागितलं तेव्हा सांगितलं की तुमची तिकडे क्रेडिट हिस्ट्री नाही, जामीन राहणारं कोणी नाही, म्हणून. नव्याने आलेल्यांकडून तेव्हा असं भाडं सर्रास मागत. १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये ते बंद झालं आहे, आता करार झाल्यावरही एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही. आज तुमच्याकडे कोणी सहा महिन्यांचं मागत असेल तर तिथेच फोन ठेवा.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडाली आहे ती. ११,१०० पाठवायच्या दोन दिवस आधी एजंटने कागदांचा गठ्ठा पाठवला. करार, गॅस सेफ्टीचा दाखला आणि घराचं एनर्जी सर्टिफिकेट, ज्याला तिकडे ईपीसी म्हणतात. त्या ईपीसीवर स्पष्ट लिहिलं होतं: टॉप-फ्लोअर फ्लॅट, क्षेत्रफळ ४१ चौरस मीटर. आम्हाला जो फ्लॅट दाखवला तो तळमजल्यावरचा, अंगणाचा, दोन बेडरूमचा! ४१ चौरस मीटर म्हणजे साडेचारशे चौरस फूटही नाही. मी हे वाचलं. वाचलं नाही असं नाही. रात्री साडेअकराला मी त्या बाईला फोटो काढून पाठवला आणि विचारलं, हे असं का? तिचं उत्तर अजून माझ्या फोनमध्ये आहे: ‘अहो वहिनी, ते जुनं सर्टिफिकेट आहे, आणि इकडे मजले वेगळे मोजतात, ग्राउंड वेगळा, फर्स्ट वेगळा.’ मजले कसेही मोजा, तळमजला सगळ्यात वरचा कसा होईल? हे मला त्या रात्री सुचायला हवं होतं. पण त्या आठवड्यात घरात काय चाललं होतं ते मला माहीत. सामान विकायचं होतं, नवऱ्याचा नोटीस पिरियड संपत होता, धाकट्याला ताप. चौघांचा तीन वर्षांचा हेल्थ सरचार्ज (व्हिसासोबत भरायचा तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेचा आकार) १०,८६६ पौंड आधीच भरून झाला होता, विमानाची तिकिटं काढलेली होती. मागे फिरायला जागा नव्हती. मला शंका आली, मी विचारलं, मला उत्तर मिळालं. यापेक्षा जास्त काय करायचं होतं? करायचं होतं ते एवढंच: सरकारच्या वेबसाइटवर पोस्टकोड टाकून ईपीसी फुकट बघता येतं. तिथे तारीख बघितली असती तर सर्टिफिकेट दोनच वर्षांपूर्वीचं आहे हे दिसलं असतं. आणि तिकडच्या लँड रजिस्ट्रीतून ७ पौंडांत मालकाचं नाव मिळतं. १३,६६० पौंड पाठवण्याआधी ७ पौंड खर्च करा.

व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं होतं, म्हणून कोणी निश्चिंत होऊ नका. चार दिवसांसाठी भाड्याने घेतलेल्या भलत्याच घरातून तो कॉल होता, असं आमचं अनुमान आहे. रस्त्याची पाटी, घराचा नंबर, मग दार, मग आत, असं एकही कट न करता चालत दाखवायला सांगा. कारणं सांगायला लागले तर समजा.

डिपॉझिट भरल्यावर दुसऱ्याच दिवशी ते सुरक्षित ठेवल्याचं प्रमाणपत्र आलं. इंग्लंडमध्ये मालकाने ३० दिवसांत डिपॉझिट तीन मान्यताप्राप्त योजनांपैकी एकीत ठेवायचं असतं: डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स, टेनन्सी डिपॉझिट स्कीम. आमचं प्रमाणपत्र बनावट होतं. पीडीएफ बघून खूश होऊ नका, योजनेच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. आणखी एक: खऱ्या मालकाला किंवा एजंटला तुमचा राइट टू रेंट, म्हणजे तिकडे भाड्याने राहायचा हक्क, तपासावाच लागतो, त्यासाठी ते ई-व्हिसाचा शेअर कोड (तुमचा व्हिसा ऑनलाइन बघू देणारा कोड) मागतात. आमच्याकडे शेवटपर्यंत मागितला नाही. पासपोर्टच्या झेरॉक्सवर भागलं.

आम्ही हीथ्रोवरून सामान घेऊन थेट त्या पत्त्यावर गेलो. दार उघडणाऱ्या बाईंना आमच्या बॅगा बघूनच कळलं. आमच्याआधीही कोणी असंच येऊन गेलं होतं म्हणाल्या. पुढचे दिवस आम्ही तात्पुरत्या जागेत काढले, त्याचे २,२८० पौंड झाले. शाळेच्या अर्जाला बनावट करार जोडलेला होता, तो अर्ज मागे घेऊन नवा भरावा लागला आणि मुलीची शाळा ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर सुरू झाली.

तक्रारीचं काय झालं ते आता ऐका. भारतातल्या बँकेला त्याच दिवशी पैसे परत मागवायचा अर्ज दिला. ‘फॉर्म ए-टूवर (परदेशी पैसे पाठवताना भरायचा फॉर्म) सही तुमची आहे, पैसे पाठवायचं कारणही तुम्हीच लिहिलंय,’ हे उत्तर. करारावर एजन्सीचं नाव आणि खातं एका भलत्याच व्यक्तीच्या नावावर, हे तुमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही का, असं विचारलं तर म्हणे ते तपासणं आमचं काम नाही. मग दहा लाखांवरच्या रकमेवर २० टक्क्यांनी १,१९,६४४ रुपये टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) कापून घेणं बरं कोणाचं काम असतं? चोराला गेलेल्या पैशांवर आम्ही कर भरला. (तो रिटर्न भरून परत मागता येतो, विसरू नका.) सासरे पोलीस ठाण्यात गेले. तिथून सायबरकडे पाठवलं, सायबरवाल्यांनी गुन्हा परदेशात घडला म्हणून परत ठाण्यात पाठवलं. बहात्तर वर्षांच्या माणसाला बाकावर बसवून ठेवलं आणि शेवटी साधा अर्ज घेऊन त्यावर शिक्का मारून दिला. एफआयआर नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २०२ म्हणतं की इलेक्ट्रॉनिक संदेशातून फसवणूक झाली असेल तर तो संदेश जिथे मिळाला तिथेही तपास होऊ शकतो. कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घ्यावी लागते. सासऱ्यांनी ही दोन्ही कलमं छापून नेली होती. ‘काका, तुमचा लंडनचा माणूस आम्ही कुठून आणणार?’ असं हसत विचारलं गेलं. म्हाताऱ्या माणसाने आयुष्यभराची ठेव मोडून दिली होती आणि समोरचा हसत होता.

तिकडच्या यंत्रणेने ऑनलाइन तक्रार घेतली, नंबर दिला आणि काही आठवड्यांनी तपासासाठी पुरेसे धागे नाहीत असं कळवलं. खात्याचा नंबर, फोन नंबर, व्हॉट्सॲपवरचा तिचा आवाज, सगळं दिलेलं असताना आणखी कुठले धागे हवे होते? ज्या बँकेत पैसे गेले ती म्हणते तुम्ही आमचे ग्राहक नाही, तुमच्याशी बोलता येणार नाही.

सगळ्यात जास्त जळतं ते पुढचं. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम आहे की कोणी फसवून तुमच्याकडूनच पैसे ट्रान्सफर करून घेतले तर बँकांनी ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यायची. पण पैसे देणारं आणि घेणारं अशी दोन्ही खाती ब्रिटनमधली हवीत. तेच १३,६६० पौंड आम्ही तिकडे पोचून तिकडच्या खात्यातून दिले असते तर बहुतेक परत मिळाले असते. शिवाय तिकडच्या बँका नाव आणि खातं जुळतं का तेही आधी दाखवतात. भारतातून स्विफ्टने (बँकांच्या आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरने) गेलेल्या पैशाला यातलं काहीच लागू नाही. हे त्या बाईला नक्की माहीत होतं. ‘खातं उघडायला पत्ता लागतो वहिनी, तोवर इंडियातूनच पाठवा’ हे तिचंच वाक्य.

म्हणून घराचे पैसे भारतातून पाठवू नका. एक पौंडही नाही. महिनाभराची तात्पुरती जागा घ्या, शाळेला उशीर होऊ द्या, नवऱ्याला आधी एकट्याला जाऊ द्या. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, पैसा भारतातल्या खात्यात असेल तर तो गोठवला जाऊ शकतो. बँकेला लेखी तक्रार द्या आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. आमची तक्रार तिथे आहे.

तो फ्लॅट अजून भाड्याने ‘रिकामा’ आहे. गेल्या आठवड्यात नागपूरच्या एका मुलीने मला तेच फोटो पाठवले. निळ्या टाइल्सचं स्वयंपाकघर, खिडकीत पांढरी जाळी, मागच्या अंगणात लाल प्लास्टिकची घसरगुंडी. भाडं आता १,७९५ सांगतात आणि बाई आता स्वतःला सांगलीची म्हणवते. हे फोटो तुमच्याकडे आले तर पैसे देऊ नका आणि ज्या ग्रुपवर ती दिसेल तिथे सगळ्यांना लगेच सांगा.