नाशिकमधील जीवनमानाचे सर्वेक्षण: घरोघरी जावे, फोन करावा की लिंक पाठवावी?

शहरात राहणे लोकांना कसे वाटते, पाणी, रस्ते, बस, दवाखाने आणि संध्याकाळची सुरक्षितता यांबाबत ते किती समाधानी आहेत, हे विचारण्याचे काम एखाद्या नागरिक मंचाने किंवा महाविद्यालयाने हाती घेतले की पहिला प्रश्न पद्धतीचा येतो. घरोघरी मुलाखत, दूरध्वनी आणि ऑनलाइन अर्ज हे तीन मार्ग साधारणपणे समोर असतात आणि खर्च पाहून बहुतेक जण तिसरा निवडतात. माझ्या मते निवडीचा निकष खर्च नसून, कोणत्या मार्गाने कोण वगळले जाते हा असावा.

ऑनलाइन अर्जाचे आकर्षण समजण्यासारखे आहे. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर लिंक फिरली की दोन दिवसांत हजारो उत्तरे जमू शकतात, टंकनाचे काम वाचते आणि समोर कोणी नसल्याने लोक रोखठोक लिहितात. परंतु ही उत्तरे ज्यांना द्यावीशी वाटली त्यांचीच असतात. गंगापूर रोड आणि कॉलेज रोडवरील सोसायट्यांचा आवाज त्यांत मोठा होतो, तर जुन्या नाशकातील वाड्यांत राहणारी वृद्ध मंडळी, पंचवटीतील फेरीवाले आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने काम करणारे कामगार जवळपास दिसतच नाहीत. उत्तरांची संख्या वाढवून हा दोष जात नाही. 1936 मध्ये अमेरिकेतील एका साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक मतपत्रिका गोळा करूनही अध्यक्षीय निवडणुकीचा अंदाज पूर्णपणे चुकवला होता, आणि त्याहून कितीतरी लहान, पण विचारपूर्वक निवडलेल्या नमुन्याने विजेता बरोबर सांगितला होता.

घरोघरीच्या सर्वेक्षणाला याच कारणाने मी पहिली पसंती देतो. 2011 च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या सुमारे 14 लाख 86 हजार होती, आणि एवढ्या शहरासाठीही यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे प्रत्येकाला निवडले जाण्याची सारखी संधी देऊन, निवडलेल्या 384 जणांची उत्तरे 95 टक्के विश्वासपातळीवर (म्हणजे असे शंभर नमुने घेतले तर सुमारे 95 वेळा) पाच टक्क्यांच्या आसपासच्या त्रुटीने शहराचे मत सांगू शकतात. घरे सुटी न निवडता गल्ली किंवा वस्तीप्रमाणे गटागटाने निवडली तर, शेजाऱ्यांची मते सारखी असू शकत असल्याने, हा आकडा वाढवावा लागतो. शिवाय नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर या सहा विभागांची आपसांत तुलना करायची असेल, तर प्रत्येक विभागात स्वतंत्रपणे एवढा नमुना घ्यावा लागतो, म्हणजे एकूण 2,304 मुलाखती होतात. मनुष्यबळ नसेल तर विभागवार तुलनेचा मोह सोडावा आणि संपूर्ण शहराचा एकच विश्वासार्ह आकडा द्यावा. प्रत्येक विभागातून पन्नास-साठ उत्तरे घेऊन क्रमवारी छापणे हे लोकांवर अन्याय करणारे आहे.

या पद्धतीतही दोन जागी चूक होते. दार उघडल्यावर घरातील कर्ता पुरुष बोलू लागतो आणि नळाला पाणी किती वाजता येते, हे ज्या बाईला नेमके ठाऊक असते तिला कोणी विचारत नाही. त्यामुळे ज्या प्रौढ सदस्याचा वाढदिवस सर्वांत आधी येणार आहे त्याचीच मुलाखत घ्यायची, असा नियम ठेवावा आणि तो सदस्य घरी नसेल तर संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी पुन्हा जावे. दुसरे असे की समोरासमोर माणसे सौम्य बोलतात. प्रगणकाबरोबर स्थानिक कार्यकर्ता असेल तर तक्रारी जवळजवळ गायबच होतात, म्हणून ओळखीच्या माणसाला सोबत नेण्याची सोय कितीही मोहक वाटली तरी टाळावी.

दूरध्वनी हा मधला मार्ग असला तरी तो सगळा क्रमांकांच्या यादीवर अवलंबून असतो. यादी घरपट्टीच्या नोंदींवरून केली तर भाडेकरू सुटतात, आणि अनोळखी क्रमांक न उचलणारे बरेच जण तसेही हाती लागत नाहीत. ज्यांची एकदा घरी मुलाखत झाली आहे, त्यांची संमती घेऊन सहा महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारायला मात्र फोन फार उपयोगी पडतो.

केंद्र सरकारच्या 2020 च्या राहणीमान सुलभता निर्देशांकात नागरिकांच्या मताला 30 टक्के भार होता. एवढे वजन ज्या मताला मिळते ते कसे गोळा केले, हे प्रत्येक अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिलेले असावे.

थोडक्या पैशांत काम करायचे असेल तर कोणत्या चौकात खड्डे आहेत, कुठे दिवे बंद आहेत, अशी तक्रारींची यादी ऑनलाइन मागवावी आणि त्या उत्तरांची टक्केवारी काढू नये. ‘किती टक्के नाशिककर समाधानी आहेत’ असे विधान करायचे असेल तर घरोघरीच जावे. वेळही आधी ठरवावी, कारण भर पावसात रस्त्यांविषयी आणि मे महिन्यात पाण्याविषयी मिळणारी उत्तरे वर्षभराची नसतात. सिंहस्थाची कामे आणि गर्दी यांमुळे 2026 व 2027 मधील उत्तरे वेगळी येणार, म्हणून त्यांची तुलना इतर वर्षांशी करताना तसा स्पष्ट उल्लेख करावा आणि दरवर्षी एकाच महिन्यात, त्याच शब्दांत प्रश्न विचारावेत.