पाण्याचं रॉकेट आणि गेजवाला पंप: आठ महिन्यांनंतर

पंप कोपऱ्यात नुसता उभा आहे, हवा कशातच भरत नाहीये, तरी काटा ४० पाउंडांवर. गेल्या रविवारी गेजच्या, म्हणजे हवेचा दाब दाखवणाऱ्या तबकडीच्या काचेआड पाणी दिसलं आणि काटा तिथेच रुतला.

पंप घेतला सायकलसाठी, अकराशे रुपयांना. पण राबतो लेकीच्या रॉकेटसाठी. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, एक तृतीयांश पाणी, उलटी करून अर्धा इंची पाइपावर. मान केबल टायनी आवळलेली. लांबून दोरी ओढली की टायवरची कडी सरकते आणि बाटली सुटते. पाइपाच्या बुचाला साडेअकरा मिलिमीटरचं भोक पाडून त्यात मोटरसायकलचा ट्यूबलेस वॉल्व्ह बसवलाय. पंक्चरवाल्याने वीस रुपये घेतले. साबणाचं पाणी लावून पकडीने खेचला, तेव्हापासून एक बुडबुडा नाही. आधी सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह कापून लावला होता, त्यातली रबरी नळी सारखी चिरायची.

आता पिनेबद्दल, म्हणजे वॉल्व्हच्या आतल्या झडपेबद्दल. ती हवा आत जाऊ देते, परत येऊ देत नाही. माझ्या पंपाच्या तोंडात वॉल्व्हची पिन दाबून धरणारा खिळा नाही. दर ठोक्याला हवेनेच पिन ढकलायची, हात भरून येतात. म्हणून मी पिनच काढून टाकली. काय मऊ चालायला लागला पंप! महिनाभर सगळ्यांना हेच सांगत सुटलो होतो.

मग पाणी वॉल्व्हमधून नळीत उतरलं, नळीतून गेजमध्ये. सर्व्हिसवाल्याने नळी झटकली, टेबलावर चार थेंब पडले. 'पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही.' मी अर्धा तास भांडलो. 'निदान गेज तरी बदलून द्या, पैसे घ्या.' सुटं गेज मिळत नाही म्हणे! नवाच पंप घ्या. पंपाला पाचपैकी दोनच तारे द्यायचे, हे तेव्हाच ठरवलं होतं.

घरी येऊन पाइप उघडला तेव्हा कळलं, पाणी अडवायला तिथे पिनेशिवाय दुसरं काहीच नव्हतं. चूक माझीच, म्हणून तीन तारे. चौथा सुट्या गेजसाठी राखून ठेवलाय.

पाच रुपयांची पिन परत घातली. सध्या बाबांचा जुना पंप काढलाय. चामड्याचा वायसर वाळून कडक झाला होता, रात्रभर गोडेतेलात ठेवल्यावर पकडायला लागला. याला गेज नाही, ठोके मोजायचे. नव्याला बारा पुरायचे, याला वीस. लेक मोठ्याने मोजते आणि अठरालाच दोरी हातात घेते.