सोया चंक्स: प्रथिनांचा हिशेब पक्का, चवीचं काम आपलं

खाण्यावरचा खर्च आवळायचा आहे आणि प्रथिनंही कमी पडू द्यायची नाहीत, अशा वेळी सोया चंक्सइतकी कामाची वस्तू क्वचितच सापडते. तरीही पुष्कळ घरांत पाकीट येतं, एकदा शिजतं आणि ‘रबरासारखं लागतं, वास येतो’ म्हणून उरलेलं फळीच्या मागे जातं. यात वस्तूचा दोष थोडा, शिजवण्याचा जास्त.

सोयाबीनमधलं तेल काढल्यावर उरलेलं पीठ ओलसर करून यंत्रात उष्णतेत, दाबाखाली पुढे ढकलतात. साच्याच्या तोंडातून बाहेर पडताना दाब एकदम सुटतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि पीठ फुगून जाळीदार होतं. ही जाळीच सगळं ठरवते. तिच्यात जे भरेल तीच चंक्सची चव. ती साध्या पाण्याने भरलेली राहिली, तर वरून कितीही मसाला घाला, आत शिरायला जागाच नसते.

आधी आकडे. १०० ग्रॅम कोरड्या चंक्समध्ये साधारण ५० ते ५२ ग्रॅम प्रथिनं आणि ३४५ च्या आसपास कॅलरी असतात. चरबी जवळपास नाहीच. म्हणजे ५० ग्रॅम कोरड्या चंक्समधून २५-२६ ग्रॅम प्रथिनं मिळतात, तीही १७०-१७५ कॅलरीत. एवढीच प्रथिनं शेंगदाण्यातून घ्यायची तर सुमारे १०० ग्रॅम शेंगदाणे आणि साडेपाचशेहून जास्त कॅलरी पोटात जातात. अंडी चार लागतात, कोरडी मसूर १०० ग्रॅमच्या थोडी वर. निरोगी प्रौढाची किमान गरज वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास धरतात. ६० किलोच्या माणसाला ती ४८-५० ग्रॅम होते. त्यातला निम्मा वाटा ५० ग्रॅम कोरड्या चंक्समधून येतो.

इथे एक चूक फार होते. पाकिटावरचा आकडा कोरड्या वजनाचा असतो आणि लोक भिजवलेले चंक्स मोजतात. ५० ग्रॅम चंक्स पाणी पिऊन दीडशे ग्रॅमपर्यंत जातात, म्हणून भिजलेल्या १०० ग्रॅममध्ये प्रथिनं १७ ग्रॅमच्या आसपासच उरतात. मोजायचं ते भिजवण्याआधी.

स्वस्त की महाग हे पाकिटाच्या किमतीवरून ठरवू नका. पाकिटातली एकूण प्रथिनं काढा, किमतीला त्या आकड्याने भागा आणि १० ने गुणा. हा झाला १० ग्रॅम प्रथिनांचा भाव. ५०० ग्रॅमच्या पाकिटात ५२ टक्के प्रथिनं असतील तर एकूण २६० ग्रॅम, म्हणजे किमतीला २६ ने भागलं की झालं. हाच हिशेब डाळ, अंडी, दूध पावडर आणि प्रोटीन पावडरला लावा. जाहिरातीत काय म्हटलंय याची मग गरज पडत नाही. मसाल्याच्या पुडीसकट मिळणारी पाकिटं या हिशेबात बहुधा मागे पडतात.

लेबलवर घटकांत तेल काढलेलं सोया पीठ एवढंच असावं. प्रथिनांचा आकडा ४० च्या खाली दिसला तर दुसरं पीठ मिसळलेलं असण्याची शक्यता धरा आणि घटकांची यादी नीट वाचा.

आता शिजवणं. ५० ग्रॅम चंक्सना अर्धा लिटर पाणी घ्या. पाण्याला उकळी आली की मीठ आणि चंक्स घाला, मोठ्या चंक्सना ५-६ मिनिटं उकळू द्या, मग गॅस बंद करून १० मिनिटं झाकून ठेवा. एक चंक कापून पाहा. मध्ये फिकट, कडक ठिपका दिसला तर आणखी पाच मिनिटं थांबा, कारण रबरासारखा जो भाग लागतो तो हाच. पाणी ओतून द्या. कडधान्याचा तो वास आणि पोटात गॅस करणाऱ्या शर्करांचा काही भाग त्याच पाण्यात उतरलेला असतो. गार पाण्यात दोनदा धुऊन प्रत्येक वेळी तळहातांत दाबून पिळा, शेवटच्या वेळी जोर लावून. या पायरीत कंटाळा केला की सगळं बिघडतं. ओले चंक्स तव्यावर पाणी सोडतात, भाजण्याऐवजी उकडतात आणि आतून सपक राहतात.

पिळलेले चंक्स कोरड्या स्पंजासारखे असतात. त्यांना लगेच दही-मसाला किंवा लिंबू-आलं-लसूण लावून वीस मिनिटं ठेवा, नाहीतर थेट रश्शात घालून मंद आचेवर १० मिनिटं शिजवा. रस्सा नेहमीपेक्षा थोडा पातळ आणि चवीला ठळक ठेवा, चंक्स त्यातला बराच ओढून घेतात. तळायला मात्र घेऊ नका. ज्या जाळीत रस्सा जायचा तिथे तेल भरतं आणि कमी कॅलरीचा सगळा फायदा बुडतो.

नवख्यांसाठी मोठ्या चंक्सपेक्षा बारीक दाणे बरे. ते गरम पाण्यात पाच मिनिटांत भिजतात, पिळायला सुती कापड लागतं आणि खिम्यात किंवा भाजीत निम्मे मिसळले तर सहज खपून जातात.

प्रथिनांचा दर्जा चांगला आहे. अत्यावश्यक अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे जे घटक अन्नातूनच घ्यावे लागतात ते, सगळी असतात, त्यातलं मेथिओनिन तेवढं कमी, आणि ते धान्यातून भरून निघतं. धान्यात कमी असणारं लायसिन सोयात भरपूर, त्यामुळे जोडी जमते. लोहाचा आकडा लेबलवर मोठा दिसला तरी फायटेट या लोहाला अडवून धरणाऱ्या घटकामुळे त्यातलं थोडंच अंगी लागतं. सोबत लिंबू किंवा टोमॅटो असेल तर शोषण सुधारतं. बी-१२ यात नसतं, त्याची सोय वेगळी करावी लागते.

पुरुषांचे हार्मोन बिघडतात ही भीती नेहमीच्या प्रमाणाला लागू पडत नाही. अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांत टेस्टोस्टेरॉनवर परिणाम आढळलेला नाही. ज्यांना सोयाची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी मात्र हातही लावू नये. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोया यांत काही तासांचं अंतर ठेवावं, कारण सोयामुळे औषधाचं शोषण घटू शकतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचं.

पहिल्या आठवड्यात कोरडे २०-२५ ग्रॅमच घ्या. १०० ग्रॅममध्ये तंतू १३ ग्रॅमच्या आसपास असतात, एकदम मोठं ताट घेतलं तर पोट फुगतं. कोरडं पाकीट उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. भिजवून पिळलेले चंक्स फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतात. चिकट लागले किंवा आंबूस वास आला तर टाकून द्या.