अख्खं जायफळ आणि जायपत्री: इंडोनेशियाचं घ्यावं की केरळ-कोकणचं?

जायफळ विकत घेताना आधी हातात तोलून पाहावं. तेल धरून असलेलं जायफळ आकाराच्या मानाने जड लागतं, वजन साधारण 5 ते 7 ग्रॅम. दाभण खुपसून बाहेर काढलं की टोक तेलकट दिसतं. मधोमध कापलं तर फिकट गरात तपकिरी शिरांचं जाळं दिसतं आणि तेल त्या शिरांमध्येच असतं. गर भुसभुशीत असेल, कापल्यावर वास दरवळत नसेल, तर तो माल घेऊ नये. बारीक गोल भोक म्हणजे भुंगेरा आतून खाऊन गेलेला. असं फळ फुकट दिलं तरी नको.

वाशीचं मसाला मार्केट असो की पुण्याचं मार्केट यार्ड, समोर येतं ते मुख्यतः इंडोनेशियाचं किंवा केरळ-कोकणचं जायफळ. इंडोनेशियाचा माल वासाला तिखट आणि सरळ नाकात जाणारा. त्याची प्रतवारी व्यापारात ठरलेली आहे: निवडक अखंड फळं ‘एबीसीडी’, सुरकुतलेली वेगळी आणि फुटकी-किडकी ‘बीडब्ल्यूपी’. ही शेवटची प्रत तेल काढण्यासाठी असते, पण दळून टाकली की ओळखणार कोण? म्हणून तयार पूड घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत आहे. निमुळतं, लांबट जायफळही टाळावं. ते पापुआकडच्या वेगळ्या झाडाचं असतं, स्वस्त मिळतं आणि वासात बरंच कमी पडतं.

काही जायफळांवर पांढरी भुकटी असते. ती बुरशी समजून लोक माल परत करतात, पण बहुधा तो चुना असतो. कोरड्या फडक्याने पुसला की निघतो आणि त्याला वास नसतो. बुरशी ठिपक्याठिपक्यांची, हिरवट-राखाडी असते आणि कुबट वास मारते. चुन्यात बुडवण्याची ही चाल डचांच्या मक्तेदारीच्या काळात पक्की झाली. किडीपासून बचाव हे एक कारण. दुसरं म्हणजे बी रुजून झाड दुसरीकडे जाऊ नये, ही धास्ती. खरं तर जायफळाचं बी वाळलं की थोड्या दिवसांत रुजण्याची ताकद गमावतं. चुन्याने त्यात फारशी भर पडत नव्हती.

धास्ती वाटायला कारण होतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगाच्या बाजारातलं जायफळ जवळजवळ सगळं इंडोनेशियातल्या बांदा या चिमुकल्या बेटांवरून येई. तिथले लोक जावा आणि मलायच्या व्यापाऱ्यांकडून तांदूळ व कापड घेत आणि त्या बदल्यात जायफळ देत. 1602 मध्ये सुमारे 64 लाख गिल्डर (डच नाणं) भांडवलावर उभ्या राहिलेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीला हा खुला सौदा नको होता. सगळा माल आपल्यालाच आणि आपण म्हणू त्या भावाने हवा होता. 1621 मध्ये कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरसून कून आरमार घेऊन आला. बेटांवरच्या 44 पुढाऱ्यांना ठार केलं गेलं. सुमारे 15 हजार वस्तीपैकी हजारेक लोकच बेटांवर उरले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. मग जमिनीचे 68 मळे पाडून डच मळेवाल्यांना दिले, राबायला गुलाम आणले आणि विक्री फक्त कंपनीला, असा नियम केला. आज चिमूटभर जायफळ किसताना हे ठाऊक असायला हवं.

युरोपात या फळाने पैशाची रीतच बदलली. कंपनीने 1610 मध्ये भागधारकांना पहिला लाभांश दिला तो रोख नव्हे, जायपत्रीच्या रूपात, भागाच्या दर्शनी किमतीच्या 75 टक्के. एवढी जायपत्री एकदम बाजारात आली तर भाव कोसळणार, म्हणून अनेकांनी ती घेतलीच नाही. पुढे 1612 मध्ये हिशेब मिटवून भांडवल परत करणंही कंपनीने टाळलं. पैसे सोडवायचे तर आपला भाग दुसऱ्याला विकणं एवढाच मार्ग उरला आणि ॲमस्टरडॅमचा शेअर बाजार फोफावला. इकडे आशियात कंपनी गुजरात आणि कोरोमंडलचं कापड बेटांवर विकी आणि तिथला मसाला सुरतेत खपवी. वेंगुर्ल्याची 1637 ची डच वखार याच जाळ्यातली. गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करणाऱ्या डच आरमाराला तिथून रसद जाई.

मक्तेदारी मोडली ती रोपं हलल्यावर. 1770 च्या सुमारास प्येर प्वाव्र या फ्रेंच माणसाने ती मॉरिशसला नेली. पुढे बांदा इंग्रजांच्या ताब्यात असताना पेनांग आणि श्रीलंकेला गेली. 1843 मध्ये कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर पोहोचली. कंपनी त्याआधीच, 1799 अखेर, कर्जात बुडून संपली होती. ग्रेनाडाचं जायफळ वासाला सौम्य. अमेरिका-इंग्लंडमधल्या मराठी घरांना ते मिळू शकतं. श्रीखंडाला चालेल, पुरणाला थोडं जास्त किसावं लागेल.

केरळ-कोकणचा ताजा माल आमची पहिली पसंती. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ या जातींची कलमं नारळ-सुपारीच्या बागांत आंतरपीक म्हणून लागतात. अडचण वाळवणीची आहे. बरीचशी फळं ऐन पावसाळ्यात तयार होतात, ऊन नसतं आणि बुरशी धरते. घाईने आच वाढवली तर 45 अंशांच्या वर आतली चरबी वितळते आणि वास उडतो. म्हणून शक्यतो कवचासकट जायफळ मागावं. हलवल्यावर आत खुळखुळलं तर वाळवण नीट झाली आहे. न खुळखुळणारं बाजूला ठेवावं.

जायपत्री घेताना जास्त सावध राहावं. ती एका फळामागे जेमतेम ग्रॅम-दीड ग्रॅम निघते, म्हणून महाग. खरी जायपत्री पिवळसर-केशरी, रुंद चपट्या पट्ट्यांची, बोटांत मोडली की लगेच वास सुटणारी. तिच्यात रामपत्री, म्हणजे जायफळाच्याच जातकुळीतल्या रानटी झाडाची पत्री, मिसळतात. ती गडद तांबडी, लांबट, टोकाशी अळ्यांसारख्या गुंत्याची आणि जवळजवळ बिनवासाची. रामपत्री म्हणून विकली तर हरकत नाही, जायपत्रीच्या भावाने मात्र घेऊ नये.

किलोभर श्रीखंडाला पाव जायफळ पुरतं. पुरणात आच बंद केल्यावरच किसावं. एका माणसाच्या पोटात 5 ग्रॅम, म्हणजे जवळपास अख्खं फळ, गेलं तर मळमळ, धडधड, भ्रम असे त्रास होऊ शकतात. बाळगुटीत द्यायचं तर डॉक्टरांना विचारूनच. घरात चार-पाच फळं पुरेत, काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, शेगडीपासून लांब.