डॅडगॅड की ड्रॉप डी?

डब्लिनच्या मैत्रिणीने विचारलं: गिटारवर नेहमीच्या कॉर्ड येतात, आता रील-जिग या आयरिश नाचाच्या धुनांना साथ करायची आहे, तर तारा कशा लावू, डॅडगॅड की ड्रॉप डी?

खर्च दोन्हीत सारखाच, गिटार आहे तीच चालते. ड्रॉप डीमध्ये फक्त सहावी तार ई वरून डी वर उतरते. डॅडगॅडमध्ये पहिली आणि दुसरी तारही एकेक सूर खाली येते.

खरा फरक गंधाराचा. अनेक आयरिश धुना धड मेजर (शुद्ध गंधाराच्या) नसतात, धड मायनर (कोमल गंधाराच्या) नसतात. खालच्या तीन मोकळ्या तारा दोन्हीत सारख्याच: षड्ज, पंचम, षड्ज. पण डॅडगॅडमध्ये वरच्या दोन ताराही पंचम आणि षड्जच. तंबोऱ्यासारखा भरीव नाद, आणि फिडलशी (व्हायोलिनशी) भांडणारा गंधार कुठेच नाही. आयरिश गिटारवादक मिहॉल ओ डोनेलची साथ ऐकताना हे लगेच कळतं. ड्रॉप डीत नेहमीच्या कॉर्ड धरल्या की गंधार ठळक वाजतो, चुकीचा पडला तर लगेच टोचतो.

मात्र डॅडगॅडमध्ये हाताला नवे आकार शिकावे लागतात. शिवाय एकाच सेटमध्ये (लागोपाठ वाजवल्या जाणाऱ्या धुनांमध्ये) डीवरून ए किंवा बी मायनरवर उडी आली की नवशिक्याची तारांबळ होते, कॅपो (सूर चढवायला गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा) सरकवायला वेळच नसतो. ड्रॉप डीत ओळखीचे आकार हाताशी असतात. गिटारवादक आर्टी मॅकग्लिनने त्यातूनच किती कमाल केली!

उजव्या हाताचं काम मात्र दोन्हीत तेच. जिगला खाली-वर-खाली, खाली-वर-खाली.

पुढच्याच महिन्यात सेशनला (एकत्र वाजवण्याच्या बैठकीला) बसायचं असेल तर ड्रॉप डी घ्या. वर्षभर निवांत रियाज करून तो घुमणारा नाद हवा असेल तर डॅडगॅड. मैत्रिणीला मी डॅडगॅडच सांगितलं.