४५,७५० रुपयांची गाठ : सेकंडहँड काइट बग्गी घेणाऱ्यांसाठी

काइट बग्गी, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीवर वाळूत धावणारी तीनचाकी गाडी, मी सेकंडहँड घेतली आणि फसलो. रक्कम आधीच सांगतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल. ४५,७५० रुपये. टोकन ५,०००. मग 'दुसरं गिऱ्हाईक तयार आहे' म्हणून २४,०००. ट्रान्सपोर्टचे ३,७५०. आणि भिवंडीच्या गोडाउनमध्ये उरलेले १३,०००, तेही खोकं उघडायच्या आधी. ही पद्धत काय असते ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होती.

जाहिरातीत होतं ते असं : ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची बग्गी, ३ आणि ५ चौरस मीटरचे चार दोऱ्यांचे फॉइल पतंग (कापडी कप्पे हवेने फुगणारे), हँडल, डायनीमाच्या (फार न ताणणाऱ्या मजबूत कृत्रिम धाग्याच्या) २५ मीटर दोऱ्या, काइट किलर (हँडल सोडलं तरी पतंग पाडणारे मनगटाचे पट्टे). मुंबईत हे सामान हात लावून बघून घ्यावं असं दुकान नाही, आणि बाहेरून मागवलं की वर कस्टम्स. म्हणून सेकंडहँड. यात मूर्खपणा नव्हता, हे मी अजूनही म्हणतो.

मूर्खपणा झाला तो फोटोत. हँडलजवळचा फोटो मी मोठा करून पाहिला होता आणि पॉवर लाइनला, म्हणजे पतंगाची मुख्य ओढ घेणाऱ्या दोरीला, चक्क गाठ दिसली होती. डायनीमाला उघडी गाठ कोणी मारत नाही. ती दोरी गुळगुळीत असते, गाठ सरकते, आणि गाठीपाशी ताकद निम्म्यावर येते. म्हणून टोकांना आधी स्लीव्ह (विणलेली नळी) चढवतात, मग लूप करतात. स्लीव्ह नाही आणि गाठ आहे, याचा अर्थ एकतर विकणाऱ्याला काही कळत नाही किंवा ती दोरी डायनीमाच नाही. हे सगळं मला त्या क्षणी ठाऊक होतं. तरी 'तात्पुरती मारली असेल' अशी समजूत मीच माझी काढली आणि २४,००० पाठवले. विकणाऱ्याने मला काही पटवलंच नाही. ते काम मी केलं.

दोरी नायलॉनची निघाली. बोटभर तुकडा पाण्यात चोळून सोडा : डायनीमा तरंगते, नायलॉन बुडतं. ही परीक्षा एका पेल्यात होते, आणि ती पैसे द्यायच्या आधी व्हिडिओ कॉलवर करून मागा. नायलॉन ताणतं हीच खरी अडचण. वाऱ्याचा झोत आला की भार पॉवर लाइन घेतात, त्या लांबतात, ब्रेक लाइन (पतंगाच्या मागच्या कडेच्या दोऱ्या) त्या मानाने आखूड पडतात, म्हणजे तुम्ही न ओढताच ब्रेक लागतो. पतंग मागे ढासळतो, मग अचानक पुन्हा भरतो आणि झटका देतो.

फ्रेमला फ्रिजवरचा लोहचुंबक टक्कन चिकटला. ३०४ ला तो असा धरत नाही, फार तर वाकवलेल्या जागी किंचित ओढ लागते. साधा पाइप, वर चंदेरी रंग. चाकं ४.८०/४.००-८ मापाचीच, पण हातगाडीची : बेअरिंगच्या जागी प्लास्टिकचा बुश. पतंग बाजूला ओढतो, तो सगळा आडवा भार बुशवर येतो, भोक लंबगोल होतं, चाक डुलायला लागतं. दोन्ही बाजूंनी रबर सीलची बॉल बेअरिंग हवीत. अक्सा बीचच्या खाऱ्या ओल्या वाळूत तीही लवकर गंजतात, तर उघड्याचं काय सांगायचं.

पतंगाचं कापड ओठांवर ताणून हवा ओढली, सहज आली. अशा कापडाचे कप्पे भरून राहत नाहीत.

आणि ज्याने खरंच संताप आला ते हे : काइट किलर पॉवर लाइनला बांधले होते. ते ब्रेक लाइनला असतात, म्हणजे हँडल सोडलं की मनगटावरून फक्त ब्रेक ओढले जातात आणि पतंग मरतो. पॉवर लाइनला बांधले तर हँडल सोडल्यावरही पतंग पूर्ण जोरात, आणि तुम्ही मनगटाने त्याला बांधलेले. पैसे गेले तर जाऊ देत. नवख्याच्या हाती हा सेट पडला असता तर?

आता तक्रारीचं. चौकीत पहिला प्रश्न, 'पतंगाला पंचेचाळीस हजार?' दुसरा, 'नायलॉन मांजा तर विकत नाही ना?' म्हणजे मीच संशयित. ऑनलाइन आहे म्हणून सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, माल मिळालाय ना, मग दिवाणी. गोडाउन भिवंडीत, तर तिकडे जा. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर कळलं, खासगी माणूस म्हणजे दुकानदार नव्हे. चारशेवीसचं कलम आता ३१८ झालंय, बाकी काही बदललेलं दिसत नाही. कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हे बीएनएसएसच्या (नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या) कलम १७३ मध्ये लिहिलंय. ते छापून सोबत न्या, तोंडी सांगून उपयोग होत नाही. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन मात्र पैसे गेल्या गेल्या करा. मी लाजेपोटी तीन दिवस घालवले, तोवर खातं रिकामं.

विकणाऱ्याला चारही दोऱ्या एका खिळ्याला अडकवून ताणायला सांगा, टोकं जुळलेली कॅमेऱ्यात दिसू देत. टाळाटाळ झाली की फोन ठेवा. ट्रान्सपोर्टच्या पावतीवर सही करण्याआधी खोकं उघडा, हमाल कितीही ओरडू दे.

जाहिरात पुन्हा लागली आहे. फोटो तेच, किंमत ३९,५००. हँडलजवळचा तिसरा फोटो मोठा करून बघा, गाठ अजून तिथेच आहे.