नौपाड्यातला चार रविवारांचा कोर्स: अमेरिकेत गाणं शाळेत कसं शिरलं

ठाण्यात नौपाड्यात एका म्युझिक क्लासने चार रविवार सकाळचा कोर्स ठेवला होता, विषय अमेरिका खंडात संगीत शिकवायची पद्धत कशी घडत गेली. फी १२०० रुपये. मी स्वतः शाळेत संगीत शिकवते म्हणून नाव घातलं, आणि सांगते, पैसे वसूल झाले.

मला वाटायचं ही गोष्ट बॉस्टनपासून सुरू होते, पण मॅडमनी पहिल्याच दिवशी मेक्सिकोत नेलं. १५२३ मध्ये पेद्रो दे गांते नावाचा फ्रान्सिस्कन साधू तिथे पोचला आणि तिथल्या मूळच्या लोकांच्या मुलांना लिहिण्यावाचण्याबरोबर गाणंही शिकवायला लागला. हे सगळं धर्मप्रसारासाठी चाललं होतं हेही मॅडमनी स्पष्ट सांगितलं, ते मला आवडलं.

दुसरा रविवार मात्र कमाल होता. खुर्च्या चौकोनात लावल्या, चार बाजूंना चार आवाज, सगळ्यांची तोंडं आत, आणि फळ्यावर चार आकार काढले. त्रिकोण म्हणजे फा, गोल म्हणजे सोल, चौकोन म्हणजे ला आणि पत्त्यातल्या चौकटसारखा आकार म्हणजे मी. सूर सात पण नावं चारच, म्हणजे फा सोल ला फा सोल ला मी असं वर जायचं. १८०१ मध्ये युनायटेड स्टेट्समध्ये छापलेल्या एका पुस्तकातून ही पद्धत पसरली आणि गावोगाव फिरणारे मास्तर शेतकऱ्यांना, दुकानदारांना यावरून गाणं वाचायला शिकवायचे. आधी नुसती सुरांची नावं गायची आणि मग शब्द, अगदी आपण आधी सरगम घोटून मग बंदिश घेतो तसंच! माझ्या शेजारी कळव्याहून आलेले भजनी मंडळातले काका होते, आयुष्यात कधी नोटेशन वाचलेलं नाही, ते अर्ध्या तासात आकारांवर बोट फिरवत आपली ओळ न चुकता गायले. मला खरंच भरून आलं.

तिसऱ्या दिवशी लोवेल मेसन. बॉस्टनमध्ये शाळेत गाणं हवं म्हणून या माणसाने १८३७ मध्ये एका सरकारी शाळेत पगार न घेता शिकवलं आणि १८३८ मध्ये तिथल्या स्कूल कमिटीने संगीत हा नेहमीचा विषय म्हणून मान्य केला. पण युरोपसारखं 'चांगलं' संगीत हवं म्हणणाऱ्या याच मंडळींनी ते आकार मागासलेले ठरवले, मग ती पद्धत युनायटेड स्टेट्सच्या दक्षिणेकडच्या राज्यांत आणि खेड्यापाड्यांतच टिकली. मला हे पटत नाही, ज्याने सामान्य माणूस वाचून गायला लागला ते खालच्या दर्जाचं कसं? आणि आमच्याकडे परीक्षा जवळ आली की पहिला बळी संगीताच्या तासाचा जातो आणि तिथे गणित घुसतं, त्यामुळे १८३८ चं ऐकताना मी वहीत दोनदा अधोरेखित केलं.

चौथा रविवार गडबडीत गेला, ही माझी मुख्य तक्रार. ब्राझीलमध्ये संगीतकार विला-लोबोस यांनी १९३० च्या दशकात शाळेतल्या हजारो मुलांना स्टेडियममध्ये एकत्र गायला लावलं आणि व्हेनेझुएलात आब्रेऊ यांनी १९७५ मध्ये मूठभर मुलांना घेऊन एल सिस्तेमा, म्हणजे वाद्यवृंदात एकत्र वाजवत मुलांना संगीत शिकवायचा उपक्रम, सुरू केलं, हे दोन्ही मिळून जेमतेम चाळीस मिनिटं. दक्षिण अमेरिकेला एक अख्खा रविवार हवाच. शिवाय दोनदा क्लास वीस मिनिटं उशिरा सुरू झाला, आणि झेरॉक्स इतकी पुसट की चौकोन कुठला आणि चौकट कुठली कळेना, ज्या पद्धतीत आकारच सगळं आहे तिथे हे चालत नाही.

जागा दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गुडघेदुखी असेल तर आधी विचार करा. गाडी आणू नका, स्टेशनवरून चालत दहा-बारा मिनिटं. चहा चांगला मिळतो.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. दक्षिण अमेरिकेचं मी मॅडमना सांगितलंय, त्यांनी लिहूनही घेतलं. ती झेरॉक्स मी सहावीच्या वर्गात भिंतीवर लावली आहे, सगळे आकार जाड स्केचपेनने परत गिरवून.